ठोके आणि काम: स्वस्त प्रोसेसरांचा हिशेब

नवा माल जुन्याहून सरस असावयाचाच, असे धरून चालण्याची आपणां सर्वांस सवय आहे. संगणकाच्या बाबतीत ती अधिकच घट्ट. आणि भारी किमतीच्या संगणकांपुरते पाहिले तर ती फारशी चूकही नाही. परंतु मोजक्या पैशांत संगणक घेणाऱ्याच्या वाट्याला जे प्रोसेसर आले, त्यांचा इतिहास इतका सरळ नाही. त्यात नव्याने जुन्यापुढे हार खाल्ल्याचे प्रसंग आहेत, आणि ते अपघाताने घडलेले नाहीत.

आम्ही या शास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत गेले. जे वाचले ते रात्री, कचेरी बंद झाल्यावर. पण एक गोष्ट मागावरच्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. माग मिनिटाला फेरे किती घेतो आणि पाळी संपताना कापड किती मीटर उतरते, हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. त्याची मजुरी कापडावर ठरते, फेऱ्यांवर नव्हे. कांड्या वेळेवर आल्या नाहीत तर सर्वांत वेगवान मागही उभा राहतो.

प्रोसेसरचेही तसेच आहे. त्याच्या आत एक घड्याळ असते. त्याचे सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. खोक्यावर आकडा छापतात तो या ठोक्यांचा. एका ठोक्यात काम किती होते, हे खोक्यावर नसते. शिवाय प्रोसेसरला लागणारी माहिती मुख्य स्मृतीतून यावी लागते, आणि ती स्मृती त्याच्या मानाने फार मंद. म्हणून त्याच्या हाताशी एक लहान, चपळ साठा ठेवतात. त्याला कॅश म्हणतात. मागाशेजारची कांड्यांची पेटीच ती. पेटी काढून घेतली की दर वेळी गोदामापर्यंत जाणे आले.

स्वस्त माल करण्याची एक रीत म्हणजे चांगल्या मालातून काहीतरी काढून घेणे. इंटेल कंपनीने १९८९ साली ४८६ हा प्रोसेसर काढला, तेव्हा अपूर्णांकांची गणिते झपाट्याने करणारा भाग त्याच्या पोटातच होता. १९९१ साली त्याची स्वस्त आवृत्ती ४८६ एसएक्स आली. सुरुवातीच्या एसएक्समध्ये तो भाग शाबूत होता, फक्त बंद करून ठेवलेला! पुढे ज्याला गणिताची गरज भासे, त्याला ४८७ नावाचा 'मदतनीस' विकत मिळे. हा मदतनीस वस्तुतः पुरा ४८६ होता. तो बसवला की जुना प्रोसेसर गप्प बसे आणि सगळे काम नवाच करी. गिऱ्हाइकाने एका कामाला दोन प्रोसेसरांचे पैसे मोजले. याला व्यापारी चातुर्य म्हणतात. आम्ही आमच्या सभांतून निराळा शब्द वापरतो.

पण खरा धडा १९९८ सालचा आहे. स्वस्त संगणकांच्या बाजारात एएमडी आणि सायरिक्स या कंपन्या पुढे सरकू लागल्या, तेव्हा इंटेलने एप्रिलमध्ये सेलेरॉन आणला. गाभा पेंटियम टूचाच, ठोके २६६ मेगाहर्ट्झ. मात्र पेंटियम टूला असलेली ५१२ किलोबाइटची दुय्यम कॅश साफ काढून टाकलेली. परिणाम काय झाला? २३३ मेगाहर्ट्झच्या ज्या जुन्या पेंटियम एमएमएक्सची जागा त्याने घ्यावयाची, त्याच्याशीच कचेरीच्या साध्या कामात बरोबरी करताना त्याची दमछाक होऊ लागली. ठोके अधिक होते, पण पेटी रिकामी होती.

टीका झाली, आणि ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने सेलेरॉन ३००ए काढला. कॅशविना असलेला ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन बाजारात होताच. या दोघांच्या ठोक्यांत तसूभरही फरक नव्हता. नावात एक अक्षर अधिक, आणि पोटात १२८ किलोबाइटची कॅश. पेंटियम टूची कॅश मोठी खरी, पण ती निम्म्या वेगाने चाले. ही पूर्ण वेगाने चाले. शौकीन मंडळींनी ३००एला ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चढवले, तेव्हा पुष्कळ नग ४५०पर्यंत बिनतक्रार धावले. ४५०चा पेंटियम टू त्याच महिन्यात ६६९ डॉलरला निघाला होता. ३००ए होता १४९ डॉलरचा. म्हणजे स्वस्त माल चांगला करता येत नव्हता असे नव्हे. तो तसा करावयाचा की नाही, एवढाच प्रश्न होता.

हा धडाही टिकला नाही. २००२ साली १.७ गिगाहर्ट्झचा नवा सेलेरॉन आला. पेंटियम फोरच्या गाभ्यात एक काम वीस टप्प्यांतून जाई, जुन्यात दहा; त्यामुळे ठोके वाढवणे सोपे झाले, पण दर ठोक्यामागचे काम घटले. त्यातून कॅश २५६वरून १२८ किलोबाइटवर आणलेली. आधीचा १.३ गिगाहर्ट्झचा सेलेरॉन अनेक कामांत त्याच्या खांद्याला खांदा लावून चाले. दुकानाच्या काचेवर मात्र १.७ हाच आकडा मोठा दिसे. २००८च्या अॅटमविषयी इतकेच सांगतो की तो वीज फार थोडी खाई, आणि तितक्याच ठोक्यांच्या पेंटियम एमच्या सुमारे निम्मे काम देई.

अलीकडची हकीकत बरी आहे, हे कबूल केले पाहिजे. २०२३च्या जानेवारीत आलेला एन१०० हा चार गाभ्यांचा स्वस्त प्रोसेसर ढोबळ मानाने २०१५च्या आय५-६५००च्या पंगतीला बसतो. जुन्याची उष्णतामर्यादा ६५ वॅट होती, याची ६ वॅट आहे. २०१५ साली जे मध्यमवर्गाच्या टेबलावर होते ते आठ वर्षांत स्वस्तात स्वस्त संगणकात आले, तेही एवढ्या थोड्या विजेवर. ही प्रगती खरी आहे. तिला उगाच नाक मुरडू नये.

तथापि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांतून उतरवलेले जुने संगणक मिळतात, त्यांत २०१८चा सहा गाभ्यांचा आय५-८५०० असला तर सगळे गाभे जुंपणाऱ्या कामात तो या नव्या एन१००ला बराच मागे टाकतो. हमी मात्र तुटपुंजी, आणि विजेचे बिल अधिक. मुलाला निबंध टंकायचा आणि शिकवणीचे चित्रफिती-पाठ पाहायचे, तर एन१०० पुरे. छापखान्याची पाने जुळवायची किंवा चित्रफिती कापायच्या, तर जुना घ्यावा.

निवड करणाऱ्याची आणखी एक अडचण २०२३पासून झाली आहे. स्वस्त लॅपटॉपवरची सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे इंटेलने काढून टाकली. त्या जागी नुसते 'इंटेल प्रोसेसर' असे लिहिलेले असते. सेलेरॉन म्हटले की गिऱ्हाईक निदान दोन प्रश्न विचारी. आता त्याने त्या नावापुढचे बारीक अक्षरांतले अक्षर आणि आकडा पाहिला पाहिजे, आणि दुकानदाराला ठोके विचारण्याआधी कॅश किती, गाभे किती आणि साल कोणते, हे विचारले पाहिजे.