मुखवटेधारी मल्लांचे मेक्सिकन भयपट

मेक्सिकन सिनेमातील एक लोकप्रिय प्रकार. बहराचा काळ साधारण १९६० ते १९७५. यात व्यावसायिक कुस्तीतला मुखवटेधारी मल्ल पिशाच्चे, ममी, झाँबी आणि माथेफिरू शास्त्रज्ञ यांच्याशी दोन हात करतो.

या चित्रपटांचे मूळ 'लुचा लिब्रे' या मेक्सिकन कुस्तीत आहे. साल्वादोर लुत्तेरोथ यांनी १९३३ मध्ये तिला संघटित धंद्याचे रूप दिले. या कुस्तीत मुखवटा म्हणजे मल्लाची अब्रू. पैजेच्या लढतीत हरणाऱ्याला तो भर रिंगणात उतरवावा लागतो आणि गेलेली अब्रू परत मिळत नाही. म्हणूनच पडद्यावरचा नायक घरी, मोटारीत, मेजवानीत, अगदी प्रेयसीसमोरही मुखवट्यात वावरतो, आणि पोलीस अधिकारी त्याच्याशी गंभीरपणे सल्लामसलत करतात. कोणी चकार शब्द काढत नाही.

या प्रकाराचा सम्राट एल सांतो, म्हणजे रोदोल्फो गुस्मान उएर्ता (१९१७–१९८४). १९४२ पासून तो चंदेरी मुखवट्याने रिंगणात उतरू लागला. १९५२ पासून होसे जी. क्रूस यांच्या चित्रकथांनी त्याला घरोघरी पोहोचवले. त्याचे पहिले दोन चित्रपट १९५८ मध्ये क्यूबात, क्रांतीच्या तोंडावर चित्रित झाले. एकूण त्याने पन्नासहून अधिक चित्रपटांत काम केले. ब्लू डेमन आणि मिल मास्कारास हे त्याचे पडद्यावरचे सोबती. रेने कार्दोना यांनी स्त्री-मल्लांनाही नायिका केले. त्यांच्या १९६४ च्या चित्रपटात या मल्ल अ‍ॅझ्टेक ममीशी भिडतात.

आज या चित्रपटांची गोडी 'कॅम्प' म्हणून सांगितली जाते : अतिशयोक्त, भडक, पण मनापासून केलेल्या गोष्टीत रमण्याची ही रसवृत्ती. सुझन साँटॅग यांनी १९६४ च्या निबंधात अजाण आणि जाणूनबुजून केलेला कॅम्प असा भेद केला. सांतोचे चित्रपट बहुतांशी पहिल्या जातीचे. 'सांतो विरुद्ध पिशाच्च-स्त्रिया' (१९६२) या अल्फोन्सो कोरोना ब्लाके यांच्या चित्रपटात धुके, कोळिष्टके, शवपेट्या असा थाट चांगला जमला आहे. मध्येच कथा थांबते, कुस्ती सुरू होते, प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा निघतो आणि आत लांडगामानव! प्रसंग हास्यास्पद आहे, पण एकही नट डोळा मिचकावत नाही. सारी गंमत त्या निर्विकारपणात आहे; मुद्दाम विनोद केला असता तर तो पाच मिनिटांत शिळा झाला असता.

'सांतो आणि ब्लू डेमन विरुद्ध राक्षस' (१९७०) मध्ये तर सारा बाजारच भरला आहे : पिशाच्चे, ममी, लांडगामानव, एकडोळ्या राक्षस, मिशाळ 'फ्रँकेस्टाइन' आणि ब्लू डेमनचा दुष्ट तोतया. पैसा कमी, म्हणून रबरी चेहरे. पण मारामारी करणारे खरे पैलवान, त्यामुळे पडणाऱ्याचे वजन जाणवते. खोटे राक्षस आणि खरी शरीरे यांची ही जोडी हॉलिवूडच्या भयपटांत सहसा सापडत नाही.

'ग्वानाहुआतोच्या ममी' (१९७२) ला त्या शहराच्या वास्तवाचा आधार होता. तेथे दफनभूमीचे शुल्क न भरलेल्यांची प्रेते १८६५ पासून उकरली गेली आणि वाळलेली शरीरे प्रदर्शनाची वस्तू झाली. चित्रपटातील ममी ब्लू डेमन आणि मिल मास्कारास यांना आवरत नाहीत. शेवटी उशिरा आलेला सांतो ज्वाळा ओकणारी पिस्तुले काढून त्यांचा निकाल लावतो. सांतोलाच श्रेय देण्याची ही घाई ब्लू डेमनच्या चाहत्यांना आजही खटकावी अशी आहे.

अमेरिकेत के. गॉर्डन मरी यांनी यांतील काही चित्रपट इंग्रजीत डब करून आणले. तेथे सांतोचा 'सॅमसन' झाला. १९९५ मध्ये एका थट्टेखोर दूरचित्रवाणी मालिकेने पिशाच्च-स्त्रियांची टर उडवली. त्या हशात मेक्सिकोतला मूळ प्रेक्षक मात्र नव्हता : तेथे पोरेसोरे नायकाला नावाने हाका मारत, आणि हा चित्रपट हसण्याचा आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

परदेशी वितरणासाठी 'सांतो आणि ड्रॅक्युलाचा खजिना' (१९६८) याची नग्नदृश्ये असलेली रंगीत आवृत्तीही निघाली होती. मेक्सिकोत मात्र कृष्णधवल, सोज्वळ आवृत्ती दाखवली गेली. ती रंगीत आवृत्ती २०११ मध्ये पुन्हा चर्चेत आली. त्या वेळी सांतोच्या मृत्यूला सत्तावीस वर्षे झाली होती. त्याला त्याच्या मुखवट्यासह दफन केले होते.