मेंदूज्वर

भंडाऱ्याकडे पावसाळ्यात ‘ताप डोक्यात गेला’ हे हमखास कानी पडतं. छापील शब्द मेंदूज्वर, डॉक्टरांचा मेनिंजायटिस. ग्रीक ‘मेनिंक्स’ म्हणजे पडदा, ‘आयटिस’ म्हणजे दाह. अरबी वैद्य मात्र मेंदूच्या आवरणांना ‘उम्म’, आई म्हणत. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये तिची ‘मातेर’ झाली. वैद्यकीचे विद्यार्थी आजही ‘ड्युरा मेटर’, म्हणजे कठोर आई, घोकतात. मला ही आई फार आवडते.

आपला मेंदूज्वर ऐसपैस. आवरणाचा दाह त्यातच, खुद्द मेंदूचा एन्सेफलायटिसही त्यातच. १९६५ मध्ये नागपूर भागात सापडलेला चांदीपुरा विषाणू या दुसऱ्या प्रकारचा. २००७ मध्ये नागपूर विभागात त्याची साथ आली होती. नाव कुठलंही घ्या. तापात मान ताठली, मूल ग्लानीत गेलं, तर थेट रुग्णालय गाठा.