स्वमदत पुस्तके

स्वमदत पुस्तके म्हणजे वाचकाला स्वतःच्या प्रयत्नाने एखादी वैयक्तिक अडचण सोडवता यावी, सवय बदलता यावी किंवा आपले व्यक्तिमत्त्व विकसित करता यावे, या हेतूने लिहिलेली मार्गदर्शनपर पुस्तके होत. मराठी ग्रंथव्यवहारात ती ‘सेल्फ-हेल्प’, ‘प्रेरणादायी’ किंवा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावांनीही ओळखली जातात. या पुस्तकांचा प्रत्यक्ष उपयोग होतो का, या प्रश्नावर मानसशास्त्रात १९७० च्या दशकापासून संशोधन होत आले आहे. त्यातून सर्व पुस्तकांना लागू पडेल असे एकच उत्तर मिळत नाही. पुस्तकाचा प्रकार, अडचणीचे स्वरूप, वाचकाने प्रत्यक्ष केलेली कृती आणि त्याला मिळणारे मार्गदर्शन यांवर हा उपयोग अवलंबून असल्याचे दिसते.

प्रकार

या पुस्तकांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारातील पुस्तके यश, संपत्ती, आत्मविश्वास, लोकसंग्रह अशा व्यापक विषयांवर असतात. त्यांत चरित्रात्मक उदाहरणे, सुविचार व लेखकाचे अनुभव यांवर भर असतो. दुसऱ्या प्रकारातील पुस्तके नैराश्य, चिंता, निद्रानाश किंवा विशिष्ट गोष्टीची भीती अशा ठरावीक समस्येपुरती मर्यादित असतात. एखाद्या मानसोपचार पद्धतीतील पायऱ्या त्यांत वाचकाला स्वतः करता येतील अशा स्वाध्यायांच्या रूपात दिलेल्या असतात. पुस्तकांच्या दुकानात हे दोन्ही प्रकार बहुधा एकाच कपाटात ठेवलेले आढळतात. परिणामकारकतेचा शास्त्रीय पुरावा मात्र मुख्यतः दुसऱ्या प्रकारातील मोजक्या पुस्तकांबाबत उपलब्ध आहे.

इतिहास

या वाङ्मयप्रकाराला नाव मिळाले ते स्कॉटिश लेखक सॅम्युएल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ-हेल्प’ (१८५९) या पुस्तकामुळे. इंग्लंडमधील लीड्स येथे कामगारांच्या एका अभ्यासमंडळापुढे त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून हे पुस्तक आकारास आले. पहिल्याच वर्षी त्याच्या सुमारे २०,००० प्रती खपल्या. नाकामुरा मासानाओ यांनी केलेला त्याचा जपानी अनुवाद मेइजी काळातील जपानमध्ये अत्यंत लोकप्रिय झाला. शीर्षकामुळे हे पुस्तक स्वार्थाचा पुरस्कार करते असा काहींचा समज झाला होता. पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्माइल्स यांना त्याचा खुलासा करावा लागला.

विसाव्या शतकात या प्रकाराचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. डेल कार्नेगी यांचे ‘हाउ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ (१९३६), नेपोलियन हिल यांचे ‘थिंक अँड ग्रो रिच’ (१९३७) आणि नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’ (१९५२) ही या काळातील प्रमुख पुस्तके होत. मानसोपचारावर आधारलेल्या पुस्तकांत अल्बर्ट एलिस व रॉबर्ट हार्पर यांचे ‘अ गाइड टू रॅशनल लिव्हिंग’ (१९६१) आणि डेव्हिड बर्न्स यांचे ‘फीलिंग गुड’ (१९८०) यांचा समावेश होतो.

मराठीतील स्थिती

आचरणविषयक उपदेशाची परंपरा मराठीत जुनी आहे. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त मूर्खलक्षणांपासून लेखनक्रियेपर्यंत अनेक व्यावहारिक विषय आले आहेत, तर ‘मनाचे श्लोक’ मनालाच उद्देशून रचलेले आहेत. या ग्रंथांचे अधिष्ठान पारमार्थिक असल्याने त्यांची गणना आधुनिक अर्थाच्या स्वमदत साहित्यात होत नाही.

आधुनिक काळात इंग्रजीतील अनेक लोकप्रिय पुस्तकांचे मराठी अनुवाद झाले आहेत. उपचारपर विचारही मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा भारतात प्रसार केला. ठाणे येथील मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी हीच विचारपद्धती सामान्य वाचकांसाठी मराठीतून मांडली.

परिणामकारकता

नैराश्यावरील अभ्यास

सर्वाधिक अभ्यास नैराश्यासंबंधी झाला आहे. ‘फीलिंग गुड’ हे पुस्तक आरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीवर आधारलेले आहे. मनात आपोआप येणारे नकारात्मक विचार लिहून काढणे, त्यांना आधार आहे का हे तपासणे आणि अधिक वास्तव विचार शोधणे, असे स्वाध्याय त्यात आहेत. क्रिस्टीन जेमिसन व फॉरेस्ट स्कॉगिन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या ८० प्रौढांचा समावेश होता. ज्यांना हे पुस्तक वाचण्यास दिले, त्यांची लक्षणे प्रतीक्षा गटाच्या तुलनेत लक्षणीय कमी झाली. तीन वर्षांनंतरच्या पाहणीतही हा लाभ टिकून असल्याचे आढळले.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. सहभागी व्यक्ती स्वेच्छेने पुढे आलेल्या होत्या, त्यांचे नैराश्य तीव्र नव्हते आणि प्रयोगाच्या काळात संशोधक त्यांच्याशी संपर्क ठेवून होते. त्यामुळे दुकानातून पुस्तक विकत घेऊन एकट्याने वाचणाऱ्या व्यक्तीला तेवढाच लाभ होईल, असे यावरून सिद्ध होत नाही.

मार्गदर्शनाचे महत्त्व

एकाच पुस्तकाचा परिणाम मार्गदर्शनासह आणि मार्गदर्शनाविना वेगळा होऊ शकतो. लहान मुलांना शौचाची सवय एका दिवसाच्या आत लावण्याची पद्धत सांगणाऱ्या एका लोकप्रिय पुस्तकाची चाचणी मॅटसन व ओलेंडिक यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. तज्ज्ञाची मदत मिळालेल्या पाच मातांपैकी चौघींना यश आले. केवळ पुस्तकावर विसंबलेल्या पाच मातांपैकी एकीलाच यश आले. अयशस्वी प्रयत्नांमुळे मुलांचा हट्टीपणा आणि माता व मुले यांच्यातील ताणही वाढल्याचे नोंदवले गेले. हा अभ्यास लहान असला, तरी पुढील चर्चेत त्याचा वारंवार उल्लेख झाला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड रोझेन यांनी सापांच्या भीतीवरील स्वाध्याय-पुस्तिकेचा अभ्यास केला. पहिल्या चाचणीत सुमारे निम्म्या सहभागींनी स्वाध्याय पूर्ण केले. त्यांचा उत्साह टिकावा म्हणून पुस्तिकेत स्वतःशी करार करण्याचे तंत्र जोडले गेले, तेव्हा स्वाध्याय पूर्ण करणारे कोणीच उरले नाही. चांगल्या हेतूने केलेली सुधारणाही चाचणीविना विश्वासार्ह मानता येत नाही, असे रोझेन यांनी यावरून प्रतिपादन केले.

सकारात्मक विधाने

स्वतःविषयी चांगली वाक्ये वारंवार म्हणावीत, हा सल्ला अनेक पुस्तकांत आढळतो. जोआन वुड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य म्हटल्यानंतर कमी आत्मसन्मान असलेल्या सहभागींना अधिकच वाईट वाटले. आत्मसन्मान मुळातच उंच असलेल्यांना किंचित बरे वाटले. याचा अर्थ, ज्यांना या सल्ल्याची सर्वाधिक गरज भासते, त्यांनाच तो प्रतिकूल ठरू शकतो.

टीका

यशस्वी व्यक्तींच्या उदाहरणांवरून नियम काढण्याच्या पद्धतीवर मुख्य आक्षेप घेतला जातो. तेच मार्ग अवलंबूनही अपयशी ठरलेल्यांची नोंद अशा पुस्तकांत नसल्यामुळे यशाचे खरे कारण कळत नाही. दुसरा आक्षेप सामाजिक आहे. गरिबी, बेरोजगारी किंवा आजार यांचे कारण व्यक्तीच्या मनोवृत्तीत शोधले गेले, तर परिस्थितीचा वाटा झाकला जातो आणि अपयशाचा दोष वाचक स्वतःवर घेतो. बार्बरा एहरनराइक यांनी ‘ब्राइट-साइडेड’ (२००९) या पुस्तकात कर्करोगाच्या रुग्णांवर सतत आनंदी राहण्याचा दबाव कसा येतो, याचे विवेचन केले आहे.

आरोग्यसेवेतील उपयोग

वेल्समधील कार्डिफ येथे मानसशास्त्रज्ञ नील फ्रूड यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये एक योजना सुरू झाली. तीत डॉक्टर निवडक पुस्तकांची शिफारस चिठ्ठीवर लिहून देत आणि रुग्ण ते पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून घेत. इंग्लंडमध्ये २०१३ पासून अशीच योजना राबवली गेली. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या शिफारशींत कमी तीव्रतेच्या नैराश्यासाठी मार्गदर्शनासह स्वमदत हा सुरुवातीचा पर्याय मानला आहे. अशा योजनांत पुस्तके तज्ज्ञांकडून निवडली जातात आणि उपचारांची वाट खुली राहते. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असताना केवळ पुस्तक पुरेसे मानले जात नाही. भारतात अशा वेळी ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

हेही पहा

मानसोपचार
नैराश्य
सॅम्युएल स्माइल्स
दासबोध