दोन नोंदवह्या

नर्स व्हायचं तर मुलगी हुशार असून भागत नाही, तिचं चारित्र्यही चांगलं असावं लागतं, असं आपण सहज बोलून जातो. ही अपेक्षा आली कुठून हे शोधत गेलं की थेट १८६० सालच्या लंडनला पोचायला होतं.

त्या काळी इंग्लंडात पैसे घेऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या बायकांचं नाव फार खराब होतं. दारू पितात, रोग्याच्या वाट्याचं खातात, असा बोलबाला. डिकन्सने 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत अशीच एक दारुडी नर्स रंगवली आणि ती घराघरांत पोचली. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची नर्सिंगची शाळा सुरू झाली, तेव्हा हा डाग पुसणं हे मोठंच काम होतं. म्हणून तिथे प्रत्येक मुलीच्या नावाचा तक्ता ठेवत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, असे त्यात रकाने. मेट्रनने प्रत्येकीला जवळून पाहायचं आणि दर महिन्याला शेरा लिहायचा. पुढे १९१९ साली इंग्लंडात नर्सेसच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा आधीपासून काम करणाऱ्या नर्सेसकडूनही चांगल्या चारित्र्याचा पुरावा मागितला गेला. आपल्याकडची नोंदणीही त्याच वळणाची. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यानुसार ही नोंदवही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते.

ही झाली पहिली नोंदवही. आजच्या मुलींना ती जाचक वाटेल. पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी. ती त्या त्या मुलीकडे बघून लिहिलेली होती.

दुसरी नोंदवही अकराच वर्षांनी निघाली, आणि ती आपल्या देशात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्याचाही त्यात समावेश झाला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरात चढायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. ठरल्या वेळी हजेरी. मुक्काम हलवायचा तर कळवायचं. काहींना कुंपण घातलेल्या वसाहतीत नेऊन ठेवलं. सोलापुरात त्या भागाला अजून 'सेटलमेंट' म्हणतात. लेकरांना आईबापांपासून वेगळं काढून ठेवायची तरतूदसुद्धा या कायद्यात होती!

चोरी कुणी केली, कधी केली, शाबीत झाली का, हे प्रश्न त्या रजिस्टराला पडतच नव्हते. माणूस कुणाच्या पोटी जन्मला एवढं कळलं की पुरे.

देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. ती माणसं 'विमुक्त' झाली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तशी सवय गेली नाही. त्याच्या जागी ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा. कागदावर हा कायदा एकेका माणसाचे सिद्ध झालेले गुन्हे बघतो. नजर मात्र जुनीच राहिली.

आमचा दौंड-शिरूर आणि भीमेपलीकडचा श्रीगोंदा-कर्जत हा सगळा पट्टा फासेपारध्यांच्या पालांचा. रात्री कुठे चोरी झाली की सकाळी पहिली गाडी पालावर जाते, हे इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगावं लागत नाही. १९९८ साली शेजारच्या बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम सुरू केलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक फोन. माझी एक जुनी विद्यार्थिनी, पालावरचीच. नाव सांगत नाही. एकोणीस वर्षांची असताना तिला आणि तिच्या आईला एका धरपकडीत उचललं होतं. खटला चालला, दोघी निर्दोष सुटल्या. पोरीने जिद्दीने जी.एन.एम. पूर्ण केलं. आता सरकारी दवाखान्यातल्या जागेसाठी चारित्र्य पडताळणी. त्या साक्षांकन नमुन्यात प्रश्न आहे, तुम्हाला कधी अटक झाली होती का? म्हणाली, "बाई, 'नाही' लिहू का? 'होय' लिहिलं तर पुढचं कोण वाचणार?"

मी जवळजवळ तीस वर्षं मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' असं लिहीत आले. वर्गात मारामारी करणाऱ्याच्या दाखल्यावरही तेच. आम्हा शिक्षकांना ठाऊक असतं, त्या एका शब्दावर पुढचा माणूस मुलाला दारात उभं करणार की नाही ते ठरवतो. या मुलीच्या दाखल्यावरही मीच 'चांगली' लिहिलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. पण पोलिसांच्या नोंदीपुढे शाळेचा दाखला कोण विचारतो?

तिला सांगितलं, अगं, खरं तेच लिही आणि निकालाची प्रत जोड. हा नुसता नीतीचा उपदेश नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात हेच सांगितलं आहे. माहिती खरी द्या, लपवू नका. लहान वयात घोषणा दिल्या, काही किरकोळ घडलं, तर नेमणूक करणाऱ्याने ते पोटात घालावं, असंही म्हटलं आहे. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं मात्र नाही, तो निर्णय नेमणूक करणाऱ्याकडेच राहतो. त्याआधी २०११ मध्ये संदीप कुमार या दिल्लीच्या तरुणाचा खटला झाला. भांडणाचा गुन्हा होता, तडजोड होऊन तो सुटला होता. पोलिसांतल्या नोकरीच्या अर्जात त्याने ही गोष्ट सांगितली नव्हती. तरी न्यायालय त्याच्या बाजूने उभं राहिलं. तरुण वयाकडे थोडं मोठ्या मनाने बघावं असं सांगताना न्यायमूर्ती काटजूंनी ह्यूगोच्या कादंबरीतला पाव चोरणारा जाँ वालजाँ आठवला. पण दर वेळी असे न्यायमूर्ती भेटतील या भरवशावर 'नाही' लिहिणं मी कुणालाही सांगणार नाही. लपवलेलं उघडं पडलं की मूळ आरोप राहतो बाजूला आणि लबाडीचाच ठपका बसतो.

थोडं विषयांतर. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच नोव्हेंबरात लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या या कैद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन पुण्याच्या ससूनमध्ये झालं आणि तिथल्या नर्सेसनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्यापुढे होता तो एक रोगी. इनर टेंपलला मात्र त्यांचं नाव पुन्हा यादीत घालायला १९८८ उजाडलं. माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली होती. गांधीजींचं त्यावाचून काही अडलं नाही. पालावरच्या मुलीचं अडतं.

असो.

अटक ही पोलिसांनी केलेली गोष्ट असते. अटक झालेल्याने काय केलं ते न्यायालय ठरवतं. हा फरक नागरिकशास्त्रात आम्ही शिकवतो, आणि दाखल्याचा कागद हाती आला की विसरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या रजिस्टरांमधला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितला. विमुक्तांना मनमानी अटक होणार नाही याकडे पोलिसांनी लक्ष द्यावं, असंही बजावलं. १८७१ च्या वहीचं एक पान फाडायला दीडशेहून अधिक वर्षं लागली म्हणायची.

बाकीची पानं न्यायालयाने फाडायची वाट कशाला बघायची? वाचणाऱ्यांपैकी कुणी दवाखाना चालवत असेल, कुणी संस्थेच्या निवड समितीवर असेल. कधी समोरच्या अर्जावर 'होय' असं लिहिलेलं दिसलं, तर तिथेच थांबू नका. खाली जोडलेला निकाल वाचा, मुलीला समोर बसवा, तिच्या मेट्रनला फोन करून ती वॉर्डात कशी वागते ते विचारा. नाइटिंगेलबाईंच्या शाळेतही तेच तर करत होते.