क्षमा एका रात्रीची, पालट चाळीस वर्षांचा

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नारदमुनी भेटले आणि वाटमाऱ्याचा वाल्मीकी झाला! पण मधल्या काळात त्याच्या अंगावर वारूळ चढले होते, ते आपण घाईघाईत सांगून टाकतो. मला कुतूहल आहे ते त्या वारुळाच्या वर्षांचे. ख्रिस्ती इतिहासात असाच एक वाल्या होऊन गेला. त्याचे नाव जॉन न्यूटन.

न्यूटन १७२५ साली लंडनमध्ये जन्मला. बाप जहाजावरचा कप्तान. सात वर्षे पुरी होण्याआधीच आई वारली आणि अकराव्या वर्षी पोरगा दर्यावर गेला. १७४४ साली त्याला आरमारात सक्तीने भरती केले. तिथून पळू पाहिले म्हणून फटके खाल्ले. पुढे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या हाताखाली त्याने उपासमार सोसली. तोंड असे शिवराळ, की निर्ढावलेले दर्यावर्दीही कानांवर हात ठेवीत. देवाधर्माची टवाळी हा तर त्याचा नित्याचा खेळ.

मार्च १७४८ मध्ये मायदेशी परतताना अटलांटिक महासागरात रात्री वादळ उठले. 'ग्रेहाउंड' जहाजाची एक बाजू फुटली. पाणी उपसता उपसता या नास्तिकाच्या तोंडून देवाच्या दयेची याचना निघून गेली, आणि तिने तो स्वतःच दचकला. सुमारे चार आठवड्यांनी ते मोडके जहाज आयर्लंडला लागले. वादळाचा तो दिवस न्यूटनने पुढे जन्मभर पाळला.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते, की क्षमा ही कमाई नव्हे, दान आहे. येशूने सांगितलेल्या दृष्टांतातला उधळ्या मुलगा अजून दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. आधी हिशेब चुकता कर, असे म्हणत नाही.

एखाद्या कथाकाराने गोष्ट इथेच संपवली असती. इतिहास मात्र इतका सोयीचा नसतो. वादळातून वाचलेला हाच न्यूटन लवकरच पुन्हा गुलामांच्या जहाजावर चढला, आणि १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. वर बायबलचे वाचन, खलाशांसाठी उपासना. खाली तळघरात साखळदंडांनी जखडलेली माणसे! १७५४ साली त्याने दर्या सोडला तोही पश्चात्तापाने नव्हे, आजारपणाने. त्या काळी आपण खऱ्या अर्थाने विश्वासी नव्हतोच, असे त्याने पुढे स्वतःच लिहिले.

१७६४ साली तो ओल्नी गावी धर्मोपदेशक झाला. १७७३ च्या नववर्षदिनासाठी त्याने रचलेले कृपेचे गीत, 'अमेझिंग ग्रेस', आज जगभर गातात. पण ते गीत झाले तरी गुलामांविषयी जाहीर शब्द निघायला आणखी पंधरा वर्षे लागली. १७८५ साली तरुण विल्बरफोर्स त्याच्याकडे सल्ल्याला आला. राजकारण सोडू नकोस, असे न्यूटनने त्याला सांगितले. अखेर १७८८ साली त्याने एक पुस्तिका छापून त्या व्यापाराचे सारे क्रौर्य उघड केले. ही कबुली फार उशिरा आली, हेही त्याने लपवले नाही. पुढे सरकारी चौकशीतही त्याने साक्ष दिली. वादळाच्या रात्रीला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

मग त्या क्षमेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मला वाटते, उपयोग इथेच आहे. शिक्षेच्या भयाने माणूस आपले कृत्य झाकतो; क्षमेची खात्री पटलेला माणूस ते हळूहळू डोळे उघडून पाहू शकतो, आणि मग स्वतःविरुद्ध साक्षीला उभा राहतो. तरीही एक काटा उरतोच. देवाने क्षमा केली. पण ज्यांच्या पायांत त्याने बेड्या घातल्या, त्यांचे काय? ती माणसे न्यूटनला परत आणता येणार नव्हती. त्याच्या हाती एवढेच होते, की तशी आणखी जहाजे निघू नयेत म्हणून बोलावे.

मार्च १८०७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. वसाहतींतली गुलामगिरी नष्ट करणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडावे लागले. दृष्टी गेलेला, एक्याऐंशी वर्षांचा न्यूटन व्यापारबंदीची वार्ता ऐकायला जिवंत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. वारुळातून बाहेर यायला त्याला उभा जन्म लागला. पण तो आला.