डॉक्टरांची संघटना जिवंत कशी राहते? वूस्टरपासून आपल्या तालुक्यापर्यंत

पोस्ट जरा मोठी आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या तब्येतीचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

तालुक्याच्या गावात डॉक्टरांची संघटना काय करते, असं कुणालाही विचारा. तीनच गोष्टी सांगतील. एक जुलैला डॉक्टर्स डे, वर्षातून एखादं रक्तदान शिबिर आणि कुठे दवाखान्यात तोडफोड झाली की तहसीलदारांना निवेदन. या तिन्हींच्या बातम्या मी कित्येकदा केल्यात. पण संघटनेच्या मासिक बैठकीची बातमी कधी होत नाही. कारण सभासदांच्या यादीत नावं भरपूर आणि बैठकीला तेच ते सात-आठ चेहरे. अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात, खुर्च्या मात्र रिकाम्याच.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? पतसंस्थेत हेच, पत्रकार संघात तर आम्ही याहून वाईट. पण फरक आहे. समजा, पावसाळ्यात एकाच गल्लीत पाच जणांना ताप आला आणि पाच जण पाच वेगळ्या डॉक्टरांकडे गेले. प्रत्येक डॉक्टरला दिसला एकच पेशंट. त्याच्या लेखी तो साधा ताप. पाचही डॉक्टर एकमेकांशी बोलले, तरच कळतं की त्या गल्लीत काहीतरी सुरू झालंय. ते बोलले नाहीत, तर ती गोष्ट गावाला पंधरा दिवस उशिरा कळते. ते पंधरा दिवस आपण मोजतो, डॉक्टर नाही.

म्हणून ही जुनी गोष्ट. ती आपल्याकडची नाही, इंग्लंडमधली आहे. पण तिथल्याही छोट्या गावांतल्या डॉक्टरांची आहे, त्यामुळे वाचताना ओळखीची वाटेल.

साल १८३२. इंग्लंडमध्ये तेव्हा कॉलरा चालू होता. वैद्यकीय क्षेत्रातली सगळी सत्ता लंडनमध्ये. परवाने देणारी जुनी कॉलेजं तिथे, मोठे सर्जन तिथे, 'लॅन्सेट' हे गाजणारं साप्ताहिकही तिथलंच. बाहेरगावचा डॉक्टर घोड्यावर बसून खेडोपाडी फिरायचा, कॉलऱ्याचे पेशंट बघायचा. पण त्याने जे बघितलं ते विचारायला कोणी नव्हतं आणि सांगायला जागा नव्हती.

वूस्टर नावाच्या गावात चार्ल्स हेस्टिंग्ज नावाचा डॉक्टर होता. (शाळेत शिकलेला वॉरन हेस्टिंग्ज वेगळा.) तो तिथल्या इन्फर्मरीत, म्हणजे धर्मादाय रुग्णालयात काम करायचा. १९ जुलै १८३२ ला त्याच रुग्णालयाच्या सभागृहात त्याने आजूबाजूच्या गावांतले डॉक्टर बोलावले. पन्नासहून जास्त जमले. वूस्टरला तेव्हा रेल्वे यायची होती, म्हणजे घोडागाडीने धक्के खात आलेले लोक. त्या दिवशी संघटना निघाली, तिचं नाव प्रोव्हिन्शियल मेडिकल अँड सर्जिकल असोसिएशन. 'प्रोव्हिन्शियल' म्हणजे लंडनबाहेरचे. आपल्या भाषेत सांगायचं तर मुंबई-पुण्याबाहेरचे.

आता इथे लक्ष द्या. पहिल्या दिवशी उत्साह सगळ्याच संघटनांत असतो. हार, तुरे, फोटो. प्रश्न दुसऱ्या वर्षी येतो. सभासद पांगलेले, प्रत्येकाला आपापली ओपीडी, भेटायचं म्हणजे दोन दिवसांची खोटी. अशा माणसांना बांधून कसं ठेवायचं? या संघटनेने जे केलं त्यातल्या चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, सभासदाकडून काम मागितलं. संघटनेच्या उद्दिष्टांतच लिहून ठेवलं होतं की आपापल्या भागाचा अभ्यास करायचा. हवामान कसं, जमीन कशी, साथी कोणत्या येतात, कोणत्या मोसमात येतात. लंडनमधल्या मोठ्यात मोठ्या सर्जनलाही जे माहीत असणं शक्य नव्हतं, ते खेड्यातल्या डॉक्टरला रोज दिसत होतं. संघटना त्याला म्हणाली, तू जे बघतोस ते लिही, आम्ही छापतो. वर्गणी घेऊन पावती देणारी संस्था आणि 'तुझ्याशिवाय हे काम होणार नाही' म्हणणारी संस्था, यात हा फरक असतो.

दुसरी गोष्ट, आलेलं लिखाण खरोखर छापलं. १८३३ पासून संघटनेचा वार्षिक ग्रंथ निघू लागला. सभेला ज्याला येता आलं नाही, त्यालाही तिथे काय झालं ते वाचता यायचं.

तिसरी गोष्ट, वार्षिक सभा एका गावाला बांधून ठेवली नाही. १८३३ ला ब्रिस्टल, मग बर्मिंगहॅम, मग ऑक्सफर्ड, मग मँचेस्टर. दरवर्षी वेगळं गाव यजमान. ज्या गावात सभा, तिथल्या डॉक्टरांना कामाला लागावंच लागायचं. आपल्याकडची सभा वर्षानुवर्षं एकाच हॉटेलच्या एकाच हॉलमध्ये होते, म्हणून सांगतो.

चौथी गोष्ट, साप्ताहिक. ३ ऑक्टोबर १८४० ला 'प्रोव्हिन्शियल मेडिकल अँड सर्जिकल जर्नल' निघालं. वर्षातून एकदा येणारा जाडजूड ग्रंथ कपाटात जातो, दर आठवड्याला येणारा अंक टेबलावर राहतो. सुरुवातीला ते संघटनेच्या मालकीचं नव्हतं, पण काही वर्षांतच संघटनेचं झालं आणि सभासदांना मिळू लागलं.

या सगळ्यातून निष्पन्न काय झालं? एकच उदाहरण देतो. देवीच्या लसीकरणावर संघटनेने एक समिती नेमली, तिचा अहवाल १८३९ ला आला. गावोगावच्या डॉक्टरांचा अनुभव त्यामागे होता. पुढच्याच वर्षी, १८४० ला, ब्रिटिश संसदेने कायदा करून गरिबांना लस मोफत दिली. देवीच्या फोडातला पू टोचायची जुनी धोकादायक पद्धतही त्याच कायद्याने बंद केली. एकटा डॉक्टर असता तर एक पत्र लिहून गप्प बसला असता.

पुढे १८५६ मध्ये या संघटनेचं नाव ब्रिटिश मेडिकल असोसिएशन झालं आणि १८५७ पासून साप्ताहिक झालं ब्रिटिश मेडिकल जर्नल. जगभरातले डॉक्टर आज ज्याला 'बीएमजे' म्हणतात, ते हेच. ऑगस्ट १८६७ मध्ये डब्लिनच्या वार्षिक सभेत जोसेफ लिस्टरने शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक तत्त्व मांडलं. सप्टेंबरमध्ये तो निबंध जर्नलमध्ये छापून आला. सभेला न गेलेल्या, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या गावच्या सर्जनच्याही हातात तो महिना-दीड महिन्यात पडला. सगळ्यांनी लगेच मान्य केलं असं नाही, खूप वाद झाले. पण वाद घालायलाही आधी माहिती पोचावी लागते.

याच संघटनेची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आरती ओवाळल्यासारखं होईल. १८७३ मध्ये एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या महिला डॉक्टरला सभासदत्व मिळालं. त्यावर इतकी खळखळ झाली की १८७८ मध्ये संघटनेने बायकांना दार बंदच करून टाकलं. ते उघडलं १८९२ ला. म्हणजे माहिती पोचवण्यात हुशार, पण कुणाला पोचवायची हे ठरवताना आखूड. हा रोग संघटनांना आजही होतो.

आता आपल्याकडे या. मुंबईत मेडिकल अँड फिजिकल सोसायटी १८३५ लाच निघाली होती, म्हणजे वूस्टरनंतर तीनच वर्षांनी. पण ती मुख्यतः कंपनी सरकारच्या गोऱ्या सर्जनांची. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ ला सुरू झालं आणि १८५१ ला पहिली तुकडी बाहेर पडली. त्यातच आपले डॉ. भाऊ दाजी लाड. हळूहळू देशी डॉक्टरांची संख्या वाढली, तसं आपलं म्हणणं मांडायला आपली संस्था हवी असं वाटू लागलं. १८८३ ला बॉम्बे मेडिकल युनियन झाली. पुढे १९२८ ला कलकत्त्याच्या परिषदेत अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीच आजची आयएमए. गावागावांत जी शाखा आहे, तिचं मूळ तिथे.

आणि माहिती वेळेवर सांगण्याचं आपलं सगळ्यात मोठं उदाहरण तर मुंबईचंच. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात तापाचे, काखेत-जांघेत गाठी आलेले पेशंट डॉ. अकासियो व्हिएगस यांना दिसले. मूळचे गोव्याचे, खाजगी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं. ते महापालिकेत निवडून गेलेले होते, त्यामुळे त्यांनी ते तिथे उघडपणे मांडलं. पुढे प्लेगने काय हाहाकार केला ते आपल्याला माहीत आहे. पण साथ सर्वात आधी कुणाला दिसली? सरकारी कचेरीला नाही, गल्लीतल्या डॉक्टरला. त्यांच्याकडे बोलायला पालिकेचं सभागृह होतं. आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरकडे काय आहे?

कागदावर बघाल तर सगळं आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत लिहिलंय की डॉक्टरने व्यावसायिक संघटनेचं सभासद व्हावं आणि तिच्या कामात सक्रिय भाग घ्यावा. पाच वर्षांत किमान ३० तासांचं शिक्षण घ्यावं, हेही त्यातच. ७ मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात काय दिसतं? शिक्षणाच्या कार्यक्रमात सही, क्रेडिट पॉइंट, जेवण, घर. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे केक आणि त्यात हरवलेली एखादी कामाची सूचना. काही डॉक्टर मनापासून धडपडतात, मी बघितलंय. पण दोन-तीन माणसांच्या खांद्यावर संघटना किती दिवस चालणार?

हेस्टिंग्जकडे मोबाइल नव्हता, टपालही महाग होतं. तरी त्याला कळलं होतं की सभासदाला नुसतं कळवून भागत नाही, त्याला विचारावं लागतं. 'बैठक आहे, उपस्थित राहावे' असा मेसेज वाचून डॉक्टर पुढे सरकतो. 'या महिन्यात तुमच्याकडे तापाचे पेशंट किती आले, कोणत्या भागातून, परवापर्यंत सांगा' असं विचारलं तर तो वही उघडतो. आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र करून त्याला परत पाठवली, तर पुढच्या महिन्यात न विचारता पाठवतो.

म्हणून आपल्या गावातल्या डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगणं आहे. महिन्याला एक पान काढा. तालुक्यात कोणता आजार वाढलाय, कोणत्या गावात, कोणती तपासणी कुठे होते, सरकारचा नवा नियम काय. बैठक एकदा मोठ्या बाजारपेठेच्या गावी घ्या, एकदा आडगावी. महिला डॉक्टरांना फक्त दीपप्रज्वलनाला बोलावू नका, सचिव करा. आणि सभासदत्वाचे नियम काय असतील ते असोत, तापाची माहिती गोळा करताना पॅथी बघू नका. आपल्याकडे खेड्यातला पहिला पेशंट बहुतेक वेळा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस डॉक्टरकडेच जातो. त्यांना बाहेर ठेवलं तर साथ आधी दिसणारे डोळेच आपण झाकले.

आमच्यासारख्या पत्रकारांनीही एक करावं. ते पान निघालं तर त्यातला लोकांच्या कामाचा भाग पेपरात छापावा. डॉक्टर्स डेच्या फोटोपेक्षा ती बातमी जास्त वाचली जाईल, हे मी खात्रीने सांगतो.

पटलं तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना ही पोस्ट पाठवा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की सहज विचारा, "डॉक्टरसाहेब, यंदा तुमच्या बैठकीला जाता की नाही?"