धावता प्राणी आणि छायाचित्राचा क्षण : सॅली गार्डनर ते कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा

धावत्या प्राण्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास बहुधा शटरच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मांडणी अपुरी आहे. शटर किती काळ उघडते याइतकाच ते कोण व केव्हा उघडतो, हा प्रश्नही विचारात घ्यावयास हवा.

जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोडदौडीच्या मार्गावर, एडवर्ड मायब्रिज यांनी सॅली गार्डनर या घोडीची छायाचित्रे घेतली. कॅमेरे २७ इंचांच्या अंतराने मांडलेले होते आणि त्यांचे दोरे मार्गावर आडवे ताणलेले होते. घोडीच्या धडकेने दोरा तुटे व त्या त्या कॅमेऱ्याचे शटर उघडे. क्षणाची निवड मायब्रिज यांनी केलीच नव्हती. ती घोडीने केली, असे म्हणावयास हरकत नाही. चारही पाय अधांतरी असतात ते पोटाखाली जुळलेल्या अवस्थेत, हे यातून सिद्ध झाले. जेरिको यांच्या १८२१ मधील एप्समच्या शर्यतीच्या चित्रातील पुढेमागे ताणलेले पाय कल्पित ठरले. पुढे १८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांच्या आश्रयाने निघालेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मायब्रिज यांचे नाव नव्हते. दोरा घोडीने तोडला म्हणून रचनाकाराचे श्रेय नाहीसे होत नाही, एवढे येथे नोंदविले पाहिजे.

त्याच वर्षी एत्येन-ज्यूल मारे यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा सिद्ध केला. तो सेकंदाला १२ प्रतिमा घेई. येथे नेम मात्र माणसाचा होता. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाघांसाठी पुन्हा आडव्या तारेचाच मार्ग स्वीकारला.

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याने हा प्रश्न सामान्य माणसाच्या हाती दिला. यांतील बहुतेक कॅमेऱ्यांत भिंग पुढेमागे सरकवून प्रतिमेतील सर्वाधिक स्पष्टता शोधली जाते. त्यात वेळ जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा घोडा अर्ध्या सेकंदात ८ मीटरांहून अधिक अंतर कापतो. म्हणून प्राणी जेथे येणार त्या जागेवर आधीच कळ अर्धी दाबून ठेवण्याची युक्ती रूढ झाली. कॅसिओच्या २००९ मधील ईएक्स-एफसी१०० या कॅमेऱ्यात तर कळ पूर्ण दाबण्यापूर्वीच्या प्रतिमाही स्मृतीत साठविल्या जात. त्यांतून हवी ती प्रतिमा छायाचित्रकाराने प्राणी निघून गेल्यावर निवडावयाची.